टाळ्यांनी मंजूर

सकाळी डबे भरता भरता सून म्हणाली, "आई, आजच्या सभेत माझा वर्ग बंद होतोय. ठराव वाचलात ना?"

सासूबाई नगरपालिकेच्या शिक्षण समितीवर निवडून आलेल्या. सून पालिकेच्या शाळेत कर्णबधिर मुलांना शिकवायची. अकरा मुलं, त्यांत सासूबाईंचीच नात.

"काहीतरीच! शेठजी बारा शाळांची छपरं बदलून देताहेत. वर्ग कशाला बंद करतील?"

"पान सहा बघा. मूल मिनिटाला किती शब्द मोठ्यानं वाचतं, त्यावर वर्ग चालणार. माझी मुलं हातांनी वाचून दाखवतात. म्हणजे भोपळा!"

"पान सहापर्यंत कोण जातं गं?" सासूबाई हसल्या, आणि लगेच ठरावाची पानं उलटू लागल्या.

या शहरात देणगीवर मत घेत नसत, टाळ्या वाजवत. आधी शेठजींनी कारंजं दिलं, मग ग्रंथालय आणि त्याचे नियम, मग शिक्षकांच्या बदल्यांचं धोरण. नऊ वर्षं सासूबाईंनीही टाळ्या वाजवल्या होत्या.

सभेत शेठजींच्या व्यवस्थापकानं दोन पानं वाचली. टाळ्या सुरू होणार, तोच सासूबाई उभ्या राहिल्या. "मतदान घ्या."

"काकू, दानावर मतदान? शोभतं का?" अध्यक्ष कुजबुजले.

"छपरांना मी टाळ्या वाजवते. पण पान सहा काढा."

"अटी वेगळ्या होत नाहीत," व्यवस्थापक नम्रपणे म्हणाला. "सगळं घ्या, नाहीतर राहू द्या."

मागून कुणीतरी ओरडलं, "गळकं छप्पर काय तुमच्या नातीच्या डोक्यावर आहे?"

"तिच्याच डोक्यावर आहे. छप्पर गळलं तर तुम्ही माझ्या दारात येऊन मला फैलावर घ्याल. वर्ग बंद झाला तर या मुलांनी कुणाच्या दारात जायचं? शेठजींना निवडलंय कुणी?"

अध्यक्षांनी नाइलाजानं हात मोजले, नावं लिहून घेतली. ठरावाच्या बाजूनं सात, विरोधात चार. वर्ग बंद झाला.

संध्याकाळी सून दारातच उभी होती. डोळे लाल. "हरलात ना?"

"हरले. पण टाळ्यांत कोण कुठल्या बाजूचं, ते कळत नव्हतं. आज सात नावं इतिवृत्तात लिहिली गेली." सासूबाई बसल्याच नाहीत. "पोरीला घे. बाकीच्या दहांच्या आयांना फोन कर."

"आत्ता? कुठं जायचं?"

"पहिलं घर अध्यक्षांचं. चहाच्या वेळेला सापडतात. चल, चप्पल घाल."