बिननावाचे कात्रण

बुद्धविहाराच्या फळ्यावरची खळ अजून ओली होती. कात्रणाच्या कडा अंगठ्याने दाबून भाऊसो दोन पावले मागे सरले आणि भिंतीवरची तसबीर सरळ आहे की नाही हे पाहावे तशी मान तिरपी करून पाहू लागले. मथळा ठळक होता : ‘पत्रकारितेचे दर्जेदार शिक्षण आता आपल्या दारी’.

मागे उभ्या असलेल्या प्रसेनजीतला तो मथळा वाचावा लागला नाही. तो त्यानेच दिला होता.

“वाचलास का?” भाऊसो लेकाकडे वळले. “एम.ए. कुठं करू, कुठं करू म्हणून वरीसभर नुसता घोळ घालतोयास. ह्यात समदं हाय बघ. इस्टुडिओ हाय, मास्तर हायत, नोकरी शंभर टक्के. मंगळवारची रजा टाकलीया मी. फंडातलं पैसं बी आल्यात. जाऊन भरून येऊ. सोनमची आई बी म्हणत हुती, आमच्या पोरीला बी संगं न्या म्हणून.”

“बाबा, विद्यापीठात बी हाय की ह्योच कोर्स. फी लई कमी हाय तिथं.”

“मग त्येचं का न्हाय आलं पेपरात? चांगलं असतं तर आलंच असतं की!”

प्रसेनजीतच्या ओठांपर्यंत उत्तर आले आणि तिथेच थिजले. लहानपणापासून त्याचे असेच होई. मनात वाक्ये भरभरून येत. तोंडातून बाहेर पडेतो समोरचे माणूस निघून गेलेले असे. म्हणून तर तो लिहू लागला होता.

भाऊसो कागलच्या एमआयडीसीत, फाउंड्रीत कामाला होते. सातवीनंतर त्यांची शाळा सुटली, पण वाचन सुटले नाही. गेली एकोणीस वर्षे हुपरीच्या या विहारात दर रविवारी वंदना झाली की फळ्यावरच्या कात्रणांचे मोठ्याने वाचन होई, आणि तो नेम त्यांनीच घालून दिला होता. वाचणाऱ्याने आधी पेपरचे नाव सांगायचे, मग तारीख, मग लिहिणाऱ्याचे नाव, त्यानंतर मजकूर. “कोण बोलतंय ते कळल्याबिगर ऐकायचं कशाला?” असे ते म्हणत. या कात्रणावर मात्र नाव नव्हते. नुसते ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ असे छापले होते, आणि पोराच्या शिक्षणाच्या आनंदात भाऊसोंनी आपलाच नेम आयुष्यात पहिल्यांदा मोडला होता.

पंधरा दिवसांपूर्वी सायंदैनिकाच्या कचेरीत संपादक आकाराम सरांनी एक गुळगुळीत माहितीपत्रक प्रसेनजीतच्या टेबलावर टाकले होते. तो तिथे आठ महिन्यांपासून उमेदवारी करत होता.

“प्रवेश पुरवणीला सहाशे शब्द पायजेत. ह्यातलीच वाक्यं फिरवून लिही.”

“सर, संस्था एकदा बघून येऊ?”

“पुरवणी हाय मर्दा, पीएचडी न्हाय!” सर हसले, तशी सगळी कचेरी हसली. “आणि नाव घालायचं न्हाय. पुरवणीत कोण नाव घालतंय?”

नाव असणार नाही हे ऐकून त्या वेळी त्याला बरे वाटले होते. आज फळ्यासमोर त्याच बरे वाटण्याची त्याला शिसारी आली.

शनिवारी सकाळी तो पहिल्या बसने कोल्हापूरला गेला. आधी महामार्गालगतच्या त्या संस्थेत. काचेच्या दारामागे बसलेल्या मुलीच्या छातीवर ‘मोना’ अशी पट्टी होती, आणि तिचे हसू दाराबरोबर उघडत असावे.

“स्टुडिओ बघायचा होता.”

“काम चालू आहे सर. दिवाळीपर्यंत होईल.”

“शिकवायला कोण असतं?”

“नामवंत लोक येतात, सर. ऑनलाइन.”

“शंभर टक्के नोकरी म्हणजे मागच्या वर्षी किती जणांना लागली?”

तिचे हसू जरासे आकसले. “सर, ही आपली पहिलीच बॅच आहे. पण शंका असेल तर हे वाचा ना. पेपरात आलंय. पेपरवाले काय उगाच छापतात का?” आणि तिने टेबलावरच्या गठ्ठ्यातून चकचकीत कागदावर छापलेली एक प्रत त्याच्या हातात दिली. त्याचाच लेख होता. त्याचा स्वल्पविराम, त्याचे ‘ज्ञानाची पहाट’, त्याचा तो लाडका शेवटचा परिच्छेद. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्या शब्दांची एवढी निगा राखली होती. ओरडावे असे वाटले. पण समोरची मुलगीही कुणाच्या तरी लिहून दिलेल्या वाक्यांवरच पगार घेत होती. तो कागदाची घडी घालून बाहेर पडला.

विद्यापीठातल्या विभागाच्या व्हरांड्यात गुलमोहराच्या शेंगा पडल्या होत्या. तिथे शिकवणाऱ्या स्नेहल मॅडमनी त्याला बसायला सांगितले आणि चष्मा पुसत म्हणाल्या, “आमच्याकडे काय नाही ते आधी सांगते. कॅमेरे दोनच आहेत, त्यातला एक दुरुस्तीला गेलाय. नोकरीची हमी नाही. वसतिगृहात जागा मिळेलच असं नाही. आता काय आहे ते विचार.”

“काय आहे?”

त्यांनी टेबलावरचा एका विद्यार्थ्याचा लेख पुढे सरकवला. “दर आठवड्याला गावात चालत जाऊन एक बातमी आणायची. ती अशी परत मिळते.” पानभर लाल शाईने एकच प्रश्न पुन्हा पुन्हा लिहिलेला होता : हे तुला कुणी सांगितलं?

त्या लाल अक्षरांकडे तो बराच वेळ पाहत राहिला. संस्थेच्या एका सत्राच्या पैशांत इथली दोन्ही वर्षे निघत होती, पण त्याचा निर्णय त्या हिशेबाने झाला नाही.

दुपारी त्याने आकाराम सरांचे दार न विचारता ढकलले.

“सर, तो लेख खोटा आहे. खुलासा छापा.”

“पुरवणीचा खुलासा? आणि पुढच्या वर्षीची जाहिरात काय तुझा बा देणार?”

“माझा बा तिथं पैसे भरायला निघालाय!”

सर फोन उचलत म्हणाले, “मग सांग की घरात त्येला. लिहिणारा तूच हायस न्हवं?”

प्रसेनजीत दाराकडे वळला. त्या माणसाच्या तोंडून निघालेली ही बहुधा दिवसभरातली एकच खरी गोष्ट होती, आणि म्हणूनच तिची चीड अधिक आली.

रविवारी वंदना झाली. भाऊसोंनी सोनमला वाचायला खूण केली. ती उठली, त्याआधीच प्रसेनजीत फळ्यापाशी जाऊन उभा राहिला. सतरंजीवर कुजबुज झाली.

“आगं बाई, मुका बोलाय लागला!” मागून धोंडुबाई म्हणाली, तशी पोरे फिदीफिदी हसली.

त्याने पेपरचे नाव सांगितले. तारीख सांगितली. मग थांबला.

“लिहिणाऱ्याचं नाव छापलेलं नाही,” तो म्हणाला आणि वाचू लागला. “‘संस्थेत सुसज्ज स्टुडिओ आहे.’ हे कुणी सांगितलं? माहितीपत्रकानं. मी काल बघून आलोय. स्टुडिओ न्हाय. ‘अनुभवी प्राध्यापकवर्ग आहे.’ हे कुणी सांगितलं? माहितीपत्रकानं. मास्तर फोनवर दिसत्यात. ‘शंभर टक्के नोकरी.’ अजून एक बी पोरगं तिथनं पास झालेलं न्हाय.”

त्याचा आवाज चढत गेला. तो आपला आहे हे त्यालाच ओळखू येईना. शेवटचे वाक्य वाचून तो वळला तेव्हा सोनमची आई भाऊसोंकडे बघत होती.

“लिव्हलंय कुणी हे?” भाऊसोंनी विचारले. त्यांचा चेहरा भट्टीसमोर उभे असल्यासारखा लाल झाला होता. “नाव कळलं पायजे त्या भामट्याचं!”

“मी, बाबा.”



“तू.”

“व्हय. न बघता लिव्हलं. नाव येणार नव्हतं म्हणून लिव्हलं.”

भाऊसो उठले. ते मारतील असे सगळ्यांनाच वाटले. प्रसेनजीतला तर ते हवेच होते. पण त्यांनी हात उगारला नाही. “चार घरं फिरून सांगितलं मी,” ते म्हणाले. “फाउंड्रीत पोरान्ला वाचून दावलं.”

प्रसेनजीतने फळ्याकडे हात नेला आणि कात्रणाचा कोपरा नखाने उचकटला.

“हात लावायचा न्हाय!” भाऊसो गरजले. “ते तसंच ऱ्हाऊ दे तिथं.” त्यांनी सदऱ्याच्या खिशातून पेन काढले आणि लेकापुढे धरले. “कोण बोलतंय ते खाली लिही. पुरं नाव लिही. मग मंगळवारी विद्यापीठात जाऊ.”

कात्रणाखाली बोटभर जागा होती. त्याने नाव लिहिले. वाळलेल्या खळीवर पेन दोनदा अडकले, तरी भाऊसो शेवटच्या अक्षरापर्यंत शेजारी उभे राहून बघत राहिले.