मुद्दाम ठेवलेली चूक

नळवाल्याला हरण्याचा भारी राग, आणि कॉम्प्युटरची पायथॉन भाषा त्याला रोज हरवत होती. ती शिकवणारे व्हिडिओतले मास्तर तर तिच्याहून हरामखोर. ‘अगदी सोपं आहे’ म्हणायचे आणि अवघड तेवढं गिळून पुढे पळायचे.

दुकानातल्या सामानाची त्याने डिक्शनरी केली होती. वस्तूचं नाव आणि त्याला जोडलेली शिल्लक. लूप एकेका नावावरून फिरवायचा, शून्य शिल्लक दिसली की नाव खोडायचं, एवढंच काम. पण पहिलं नाव खोडलं रे खोडलं की प्रोग्राम तोंडावर पडायचा. म्हणे, फिरता फिरता डिक्शनरीचा आकार बदलला!

रविवारी संध्याकाळी मात्र त्याला इलाज सापडला. आधी सगळ्या नावांची वेगळी लिस्ट काढायची, फिरायचं त्या लिस्टवरून आणि खोडायचं मूळ डिक्शनरीतून. प्रोग्राम सरळ शेवटपर्यंत गेला. हा असा ओरडला की बायको स्वयंपाकघरातून पळत आली.

“अहो, काय झालं?”

“जिंकलो! कुणाच्या बापाला न विचारता!”

“छान. मग आता लेकीशी काय बोलणार?”

त्याचं तोंड उतरलं. लेक दूरच्या शहरात प्रोग्रामर. पूर्वी तिचा फोन म्हणजे ‘गोळ्या घेतल्यास? घेतल्या. ठेवू? ठेव.’ गेल्या रविवारी मात्र लूप समजावता समजावता ती तासभर बोलली, मध्येच साहेबाला शिव्या घातल्या, लहानपणीसारखी खिदळली.

मुद्दाम गळती ठेवून परत बोलावणं काढणाऱ्या नळवाल्यांचा त्याने जन्मभर उद्धार केला होता. आज त्याने निमूटपणे ती लिस्ट पुसली.

फोन आला. “अडकलोय गं,” म्हणत त्याने स्क्रीन दाखवली.

“बाबा, असं बघ...” ती सुरू झाली. लूपमधून घरमालकिणीवर गेली, तिथून स्वतःच्या खोकल्यावर, मग परत लूपवर. तो ‘हं, हं’ करत गालात हसत होता. “आता नावांची आधी एक...” ती म्हणेपर्यंत याच्या बोटांनी लिस्ट लिहूनही टाकली.

ते तिला स्क्रीनवर दिसलं.

“बाबा, पुढच्या रविवारी काय बिघडवणार आहेस?”

“ठरवलं नाही अजून,” तो गुरगुरला.

“मोठं काहीतरी बिघडव,” लेक म्हणाली. “मला वेळ आहे.”