पहिली फेरी

तिने घर्षण मोजायचा गाडा रुळावरून चौथ्यांदा ढकलत नेला, आकडा वाचला आणि हुश्श केलं. रुळाची पकड चांगली होती, गेल्या खेपेला आली होती तेवढीच.

त्याच आकड्यावर तिने संगणकात नेहमीपेक्षा जास्त डब्यांची मालगाडी उतारावरून सोडली होती, आणि ती खालच्या स्टेशनाआधी शहाण्यासारखी थांबली होती. आज दुपारी खरी गाडी उतरायची होती. चालवणार होता तिचा धाकटा भाऊ. सकाळी घरून निघताना तिचा चेहरा बघून तो हसला होता.

"ताई, आकडा कुणाचा? तुझाच ना? मग कशाला जीव टांगणीला लावतेस? मी तर ढाराढूर झोपलो."

झोपला असेल मेला! हिचा मात्र डोळ्याला डोळा लागला नव्हता. म्हणून तर कुणी सांगितलं नसताना ती पुन्हा मोजायला आली होती, आणि कुरकुरणाऱ्या साहेबांनाही ओढून आणलं होतं.

"झालं समाधान?" साहेबांनी थर्मासचं झाकण लावलं. "आवरा आता."

तिने गाडा उलटा करून मोजणारं छोटं चाक फडक्याने पुसलं. फडकं काळंकुट्ट झालं. ती खाली वाकली. चाक फिरलं होतं तिथे रुळावर एक चकचकीत रेघ उमटली होती. दोन्ही बाजूंना चिरडलेल्या पानांचा काळा, बुळबुळीत थर तसाच होता.

"साहेब, पहिल्या फेरीचा आकडा निम्मासुद्धा नव्हता."

"पहिली फेरी कोण धरतं? यंत्र बसेपर्यंत असंच होतं. दर वेळी होतं."

"दर वेळी," ती म्हणाली. "यंत्र बसत नाही, साहेब. रूळ पुसला जातो. ओली फरशी आपणच पुसायची आणि मग विचारायचं, कुठे घसरतंय?"

"अहो, गाडीला इतकी चाकं! पुढची पुसतील, मागची धरतील."

"एवढीशी रेघ पुसायला आपल्याला इतक्या फेऱ्या लागल्या. आणि ती गाडी? ब्रेक लावून, भरलेली? रूळ पुसला जाईपर्यंत ती घसरत खाली जाईल."

साहेब उठले. थोडं पुढे, हात न लागलेल्या रुळावर त्यांनी स्वतः गाडा ठेवला आणि एकदाच ढकलला. आकडा पुन्हा निम्म्याच्याही खाली आला.

"अजून एकदा घ्यायचं?" तिने विचारलं.

"नको." त्यांनी खिशातून फोन काढला. "मी वर कळवतो. भावाला तुम्ही सांगा."

तिने भावाला फोन लावला.

"काय गं? शेवटचे डबे जोडतायत."

"आज गाडी काढू नकोस."

"झालं! नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं," तो हसला. "कुणाला आली शंका? त्याला म्हणावं, आकडा माझ्या ताईचा आहे."

"शंकाही ताईचीच आहे," ती म्हणाली. "माझा आकडा चुकला, राजा."

पलीकडे डबे एकमेकांवर आदळल्याचा दणका झाला. मग इंजिनाचा आवाज थांबला.

"उतरलो खाली," तो म्हणाला. आवाजात हसू नव्हतं. "आज तू झोप, ताई. मी काही झोपत नाही."