एक्केचाळीस नियम आणि मी

मित्रांनो, मी एक जुना फलक आहे. तोंडं वाकडी करू नका. फलक म्हटलं की तुम्हाला झोप येते हे मला ठाऊक आहे. मलाही यायची, पण माझ्या अंगावर एक्केचाळीस नियम होते आणि त्यांतला तेविसावा होता, ‘पेंगू नये.’

खरं तर मी दार होणार होतो. सुताराने जाड फळ्या जोडल्या, रंधा मारला, चौकटीचं माप घेतलं आणि माझ्या अंगातल्या गाठीवर त्याची पटाशी मोडली. “याला बिजागरी बसायची नाही,” तो म्हणाला. “लाकूड अडेल आहे. शाळेत देऊन टाका.” अशी माझी शिक्षणखात्यात नेमणूक झाली. पुढे पाहिलं, तर इतरांचीही पुष्कळदा तशीच झालेली होती.

शाळा होती रानातली. शहरातली साठ मुलं सहा-सहा दिवस यायची, तंबूत राहायची, टेकडी चढायची, तळ्यात होडी वल्हवायची. ती शाळा काढणाऱ्या मोठ्या बाईंनी माझ्यावर स्वतःच्या हाताने, लाल रंगात तीनच ओळी लिहिल्या : ‘जोडीदाराला मागे सोडू नका. शिट्टी झाली की थांबा. जागा होती तशी ठेवून जा.’ आल्या दिवशी प्रत्येकाला एक जोडीदार मिळायचा. आखूड शिट्टी झाली की जोडीने एकमेकांचा हात धरून वर करायचा, म्हणजे कोण नाही ते एका नजरेत कळे. रंगाचा डबा धरून शेजारी उभ्या होत्या स्वयंपाकाच्या मावशी. “बास, एवढ्यात सगळं आलं,” म्हणत बाईंनी ब्रश धुऊन ठेवला. तो त्यांनी चुलीत घातला असता तर पुढचं सगळं टळलं असतं.

बाई थकल्या, गेल्या, आणि शिस्तसर आले. त्यांचं खरं नाव त्यांच्या आईला आठवत असलं तर असेल. त्यांच्या विजारीची घडी इतकी धारदार होती, की ते उंच गवतातून चालले की मागे कापलेल्या गवताचा भारा पडायचा. शेळ्यांची सोय व्हायची. सरांचा एवढाच उपयोग माझ्या पाहण्यात आहे.

एखादं मूल चुकलं, की सर मुलाकडे बघायचेच नाहीत. रंगाच्या डब्याकडे धावायचे. कुणी रांगेत पेरू खाल्ला, झाला नववा नियम. सरांच्या भाषणात कुणाला शिंक आली, झाला सोळावा : ‘शिंक येण्यापूर्वी कळवावे.’ जागा पुरावी म्हणून सरांनी आधीच बाईंच्या तीन ओळींवर पांढऱ्या रंगाचा हात फिरवला होता आणि नव्याने एकपासून सुरुवात केली होती. जोडीदार बडबडतात म्हणून जोड्या मोडल्या. एकेरी रांग, दोघांत हातभर अंतर. चौथा नियम, ‘मागे वळून पाहू नये.’ चाळिसावा, ‘फलकावर खाडाखोड करणाऱ्यास घरी पाठवण्यात येईल.’ तरी मुलं “पण सर…” म्हणायचीच, म्हणून शेवटचा : ‘फलकावर लिहिलेले अंतिम. चर्चा नाही.’ तो लिहून झाल्यावर सर तीन पावलं मागे गेले आणि मला सलाम ठोकला. मित्रांनो, लाकडालाही लाज असते.

पाहुणे मात्र खूश. “काय शिस्त आहे हो!” म्हणत माझ्या शेजारी उभे राहून फोटो काढायचे. सहाव्या नियमापुढे एकानेही वाचलं नाही. पूर्ण वाचणारी एकच निघाली, ती शेळी. तिने माझा खालचा कोपरा अडतीस-एकोणचाळीससकट खाल्ला आणि मरेपर्यंत इतर शेळ्यांपासून हातभर अंतर ठेवून चरली. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. रोज सकाळी साठ मुलं हे सगळे नियम तालासुरात म्हणायची, त्यापेक्षा ते जास्त खरं आहे.

त्या मुलांत एकदा एक खार आली. म्हणजे मुलगीच, पण दोन मिनिटं एका जागी उभी राहील तर शपथ. तळ्यात होडी न्यायला मिळावी म्हणून ती वर्षभर पोहायला शिकली होती. तिच्या तंबूत जी मुलगी होती तिला सगळे गोगलगाय म्हणत. घास चावायलाही ती मुहूर्त बघायची.

पाचव्या दिवशी रांग टेकडीवरून परतत होती. ओढा माझ्यापासून पन्नास पावलांवर, अगदी समोर. पुढे सर, त्यांच्यामागे सगळी, शेवटून दुसरी खार आणि शेवटी गोगलगाय. ओढ्यात गोगलगायीचा पाय दोन दगडांत अडकला आणि ती कमरेपर्यंत पाण्यात बसली. ओरडली मात्र नाही. अकरावा नियम होता ना, ‘रांगेत आवाज करू नये.’ बघा, किती छान शिकवलं होतं आम्ही तिला! रांग पुढे चालली. मला सगळं दिसत होतं. माझ्या अंगावर एवढी अक्षरं, पण त्यांतलं एकही ‘थांबा’ म्हणेना.

खारीने मागे पाहिलं. “अगं ए!” म्हणून किंचाळली, रांग सोडून धावली, दगड सरकवला आणि त्या चिखलाच्या गोळ्याला पाठीवर घेऊन माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

सरांनी आधी तिचे बूट पाहिले. मग बोट माझ्यावर फिरवत म्हणाले, “चार, मागे पाहिलंस. सात, रांग सोडलीस. अकरा, ओरडलीस. तीस, बूट ओले. एका दिवसात चार नियम मोडले की घरी. बरोबर पत्र देतो, बेशिस्त म्हणून.”

“पण सर, ती पाण्यात…”

“चर्चा नाही. ड्रायव्हरकाका, जीप काढा!”

“पत्र नको ना सर,” खार एवढंच म्हणाली. “आई म्हणेल, पुन्हा कुठे जायचं नाही.”

ड्रायव्हरकाकांनी जीपचं बॉनेट उघडून त्यात डोकं घातलं. “इंजिन तापलंय साहेब, वेळ लागेल.” जीप सकाळपासून जागची हलली नव्हती.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून मावशी आल्या. हातात उलथनं. “सर, जरा सरका,” म्हणाल्या आणि माझ्यावर चढवलेला चौथा नियम खरवडायला लागल्या. पोपडे गळून पडले. खालून लाल अक्षरं वर आली.

“वाच गं बाळा.”

गोगलगायीने तिच्या चालीने वाचलं, “जोडीदाराला… मागे… सोडू… नका.”

“तो रंग जुना आहे,” सर म्हणाले.

“रंग जुना असेल. ओढा तोच आहे.”

“मावशी, तो नियम रद्द झालाय!”

“फलकावर लिहिलेलं अंतिम ना? मग हे काय मी चुलीवर वाचतेय?”

सरांच्या तोंडातली शिट्टी पडली. “तुम्ही फलक खरवडलात! चाळिसावा नियम! तुम्हालाच घरी पाठवावं लागेल!”

“पाठवा की. साठ जणांचं चुलीवर आहे, ढवळत बसा. आणि बाईंच्या अक्षरांवर पांढरं फासलं ते कुणी, तेही सांगा. जीपमध्ये दोघं आरामात मावतील.”

साठ मुलांनी एकोणिसावा नियम एकदम मोडला. तो होता, ‘मोठ्याने हसू नये.’ जीपचं बॉनेटही हसल्यासारखं हललं.

सरांनी माफी मागितली असं सांगायला मला आवडलं असतं, पण एवढी मोठी थाप मीसुद्धा मारत नाही. अशा माणसांच्या अंगात ताठ असते ती फक्त इस्त्री. ते लाल अक्षरांकडे बघत राहिले, “जेवणाची घंटा द्या,” म्हणाले आणि निघून गेले. पत्र लिहिलं गेलं नाही. दुसऱ्या दिवशी खार तळ्यावर गेली. होडीत जोडीला गोगलगाय. एक वल्हं भराभर, एक सावकाश. होडी दिवसभर एकाच जागी गोल फिरत होती आणि दोघींना वाटत होतं, आपण समुद्र ओलांडतोय.

मला मात्र ‘नवा रंग देण्यासाठी’ उतरवलं आणि कोठीमागे टाकून विसरून गेले. वाळवी आली, बाराव्या नियमापर्यंत पोचली आणि कंटाळून परत गेली. शेवटी मावशी आणि ड्रायव्हरकाकांनी मला उचललं आणि त्या ओढ्यावर आडवं टाकलं, अक्षरं वर करून.

दार झालो नाही, पण माझ्यावरून माणसं इकडून तिकडे जातात. जोडीने येतात, पुढची मागचीचा हात धरते. साठ मुलांच्या बुटांनी एकेक नियम घासून निघाला. एकोणिसावा होता तिथे शेवाळ धरलंय. तिथे प्रत्येक जण घसरतो आणि मोठ्याने हसतो.

तर मित्रांनो, मला पुन्हा रंगवू नका. सलाम तर मुळीच ठोकू नका. पाणी ओसरलं की माझ्याखालचे दगड घट्ट आहेत का, तेवढं बघा. आणि पलीकडे पोचलात की एकदा मागे वळून पाहा. कुणी राहिलंय का?