माझ्या पाठीवरच्या रेघा

मित्रांनो, माझ्या अंगावरचा चहाच्या पेल्याचा गोल डाग आणि कोपऱ्यातला इस्त्रीचा चटका आधी नीट बघून घ्या, म्हणजे मी बोलत असताना तुमचं लक्ष तिकडे जाणार नाही. झालं बघून? मग ऐका. मी एक जुना कॅरम बोर्ड आहे. वय विचारू नका. माझ्या चारही जाळ्या दोनदा बदलल्यात, यावरून काय ते समजा.

एका सुताराने मला घडवलं. त्याच्याकडे मला घ्यायला आलेला माणूस घड्याळजी होता. त्याने मला जमिनीवर आडवं ठेवलं, मधोमध स्ट्रायकर कडेवर उभा केला आणि तो कोणीकडे घरंगळतो का ते बघत बसला. सुतार कंटाळून दुसऱ्या कामाला लागला. स्ट्रायकर जागचा हलला नाही. "हाच घेतो," घड्याळजी म्हणाला. सपाटपणा हीच माझी अब्रू, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या खोलीत त्याचं दुकान होतं आणि मागच्या दोन खोल्यांत घर. घरात त्याची बायको आणि सहा वर्षांची मुलगी. संध्याकाळी दुकान बंद झालं की मला एका बुटक्या स्टुलावर ठेवायचे, पावडर टाकायचे आणि बापलेक समोरासमोर बसायचे. मुलीची बोटं इवलीशी. तिने मारलेला स्ट्रायकर निम्म्या वाटेतच दम टाकायचा. चार दिवस ती हरली आणि पाचव्या दिवशी तोंड फुगवून बसली.

सहाव्या दिवशी मात्र चमत्कार झाला. तिचा स्ट्रायकर थेट पलीकडच्या जाळीपर्यंत पोचू लागला. ती जिंकली, घरभर नाचली. घड्याळजी कपाळावर हात मारून घेत होता. खरं काय ते मला माहीत होतं. घड्याळाच्या खोक्याचा पुठ्ठा घडी करून त्याने तिच्या बाजूने माझ्याखाली सरकवला होता. त्यामुळे तिचा स्ट्रायकर उताराने धावायचा आणि त्याचा चढावर धापा टाकायचा. मला ते मुळीच पटलं नाही. पण तिचं हसू ऐकलं की मीही गप्प बसायचो. म्हणजे त्या लबाडीत मीही सामील होतो, हे कबूल करतो.

हे तीन वर्षं चाललं. एके दिवशी स्ट्रायकर उसळून खाली पडला आणि तो शोधायला ती स्टुलापाशी वाकली. तिला पुठ्ठा दिसला.

"बाबा, हे काय आहे?"

"अगं, बोर्ड हलतो ना, म्हणून."

तिने पुठ्ठा ओढून काढला. मी जराही हललो नाही. कसा हलेन? ती माझ्याकडे बघत राहिली, मग बापाकडे. "म्हणजे इतकी वर्षं मी कच्चा लिंबू होते?"

इथे घड्याळजी चुकला. तो हसला. तिला जवळ घ्यायला गेला. तिने त्याचा हात झटकला, सोंगट्या डब्यात भरल्या आणि तीन दिवस त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. बायको म्हणाली, "अहो, जगातली सगळी घड्याळं लावता, पोरगी मोठी झाल्याचं कळलं नाही तुम्हाला!"

चौथ्या दिवशी मुलगी आपणहून येऊन बसली. "आजपासून सरळ खेळायचं. आणि हरेल त्याने स्वतःच्या हाताने रेघ मारायची." रेघ म्हणजे माझ्या पाठीवर, पेन्सिलीने. त्या संध्याकाळी तिने पहिली रेघ मारली. मग दुसरी, दहावी, शंभरावी. दोनशे अकरा रेघा झाल्या, मित्रांनो! कधी डोळ्यांत पाणी यायचं, कधी पेन्सिलीचं टोक मोडायचं, पण ती उठून गेली नाही. आणि घड्याळजीने एकदाही मुद्दाम नेम चुकवला नाही. मन घट्ट करून मुलीला हरवताना त्याचा चेहरा कसा व्हायचा, ते फक्त मी खालून पाहिलंय.

दोनशे बाराव्या डावात तिने राणी घेतली, कव्हरही घेतलं आणि तो हरला. त्याने मला उलटं केलं आणि तिच्या रेघांच्या शेजारी आपली पहिली रेघ मारली. घड्याळजीचा हात तो, पट्टीने आखल्यासारखी रेघ. दुसऱ्या दिवशी दुकानात येईल त्याला तो सांगत होता, "तुमचं घड्याळ उद्या देतो. काल मला माझ्या मुलीनं हरवलं." जसं काही या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंधच होता.

मग मुलगी शिकली आणि लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत नोकरीला लागून दूरच्या शहरात गेली. मी कपाटामागे गेलो. अधूनमधून मला बाहेर काढायचे, पण खेळायला नव्हे. माझ्यावर इस्त्री झाली, पाहुण्यांचे पेले ठेवले गेले, एकदा तर पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून दोन महिने राहिलो. तक्रार करत नाही, नुसतं सांगतोय. माणसांना वाटतं, खेळ हा रिकामपणचा उद्योग. रिकामपण संपलं की खेळाचं सामानही अडगळ.

एका सकाळी दुकानात घड्याळ उघडताना घड्याळजीच्या हातातून चिमटा गळून पडला. पाठोपाठ तोही खुर्चीतून कलला. अर्धांगवायूचा झटका होता. जीव वाचला, बोलणंही परत आलं, पण उजवा हात लुळा पडला. डॉक्टरांनी बजावलं होतं की पहिल्या काही महिन्यांतच हात वापरात आणला पाहिजे, नाहीतर तो तसाच आखडेल. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला. त्याने तो भिंतीवर फेकला, तोही डाव्या हाताने. "मी काय कुत्रं आहे, चेंडूशी खेळायला?" उजवा हात तो टॉवेलखाली झाकून ठेवायचा आणि दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायचा.

मुलगी तीन आठवड्यांची रजा काढून आली. पहिले पाच दिवस तिने समजावलं, चिडली, मोरीत जाऊन रडली. सहाव्या दिवशी तिने मला कपाटामागून ओढून काढलं, ओल्या फडक्याने पुसलं, कोरडं केलं आणि त्याच स्टुलावर ठेवलं. आणि ठेवताना त्याच्या बाजूने माझ्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. मला ओरडावंसं वाटलं, पण मला तोंड कुठलं?

त्याने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग टॉवेल बाजूला सारून, डाव्या हाताने उजवा हात उचलून माझ्यावर ठेवला. स्ट्रायकर कडेवर उभा करायला त्याला चार वेळा प्रयत्न करावा लागला. उभा राहिला, आणि आपसूक तिच्याकडे घरंगळत गेला.

"खालचं काढ," तो म्हणाला.

"काय, बाबा?"

"लिफ्टवाली ना तू? सपाट म्हणजे काय ते मी सांगू का तुला? खालचं काढ."

तिने पुठ्ठा काढला. तिचे कान लाल झाले होते. "हाताला जरा सोपं जावं म्हणून..."

"मला कच्चा लिंबू करू नकोस. तूच म्हणाली होतीस ना, सरळ खेळायचं?"

ती सरळ खेळली. मित्रांनो, हे सांगण्याइतकं सोपं नव्हतं. समोर बापाचा स्ट्रायकर चार बोटं पुढे सरकून थांबतोय, आणि तिला एकामागून एक सोंगटी घ्यायची होती. तिने एकदाही नेम चुकवला नाही. नऊच्या नऊ घेतल्या, राणीसकट. दारात उभी असलेली आई तोंडावर पदर धरून बघत होती.

"शाब्बास," घड्याळजी म्हणाला. झटक्यानंतर तो पहिल्यांदा हसला होता.

मुलीने सवयीने मला उलटं केलं आणि पेन्सिल उचलली.

"इकडे दे. हरलो मी, रेघ मी मारणार."

त्याने पेन्सिल उजव्या हातात घेतली. ती पडली. पुन्हा घेतली, पुन्हा पडली. मायलेकींपैकी कोणीही मदतीला पुढे झालं नाही, आणि त्या दोघींचे उपकार मी विसरणार नाही. तिसऱ्या खेपेला पेन्सिल टिकली. माझ्या पाठीवर, त्या जुन्या सरळ रेघांच्या खाली, वाट चुकलेल्या मुंगीसारखी एक वाकडीतिकडी रेघ उमटली. रबरी चेंडूला जे जमलं नाही, ते हरण्याने केलं.

रजा संपेपर्यंत तो रोज हरला आणि रोज रेघ मारत राहिला. मुलगी गेल्यावर समोर बायको बसू लागली. आयुष्यात कधी स्ट्रायकरला हात न लावलेली बाई, पण खेळायला बसली की नवऱ्याची मुळीच दयामाया नाही!

काल मुलीचा फोन आला. "बाबा, किती रेघा झाल्या?"

"त्रेसष्ट."

"आणि आजची?"

"आजची तुझ्या आईनं मारली."

पलीकडून हळूच प्रश्न आला, "खाली काही ठेवलं नव्हतं ना?"

"काही ठेवलं नव्हतं गं!" आई स्वयंपाकघरातून ओरडली. "आणि मी मुद्दाम हरले नाही, विचार हवं तर त्या बोर्डाला!"

मला कोणी विचारलं नाही. पण मित्रांनो, तुम्हाला सांगतो, मी सपाट होतो.

म्हणून एवढंच मागणं आहे. घरातल्या बोर्डांना, पटांना, पत्त्यांना अडगळीत टाकू नका. त्यांच्यावर पेले तर अजिबात ठेवू नका. लहानग्याला थोडे दिवस कच्चा लिंबू जरूर करा, ती माया असते. पण ज्या दिवशी तो म्हणेल "खालचं काढा," त्या दिवशी काढून घ्या. म्हातारं माणूस म्हणालं, तरीही काढा.