मुळांसकट पऱ्हाटी

सकाळपासून इकबालचे पाय एका जागी ठरत नव्हते. भट्टीकडून इंजिनाकडे, इंजिनाकडून भट्टीकडे.

बासष्ट साली नेरला वीज अजून यायची होती आणि डिझेल वेळेवर मिळत नव्हतं. कापूस वेचून उरलेल्या पऱ्हाट्यांच्या गंजी मात्र गावोगाव लागलेल्या. नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला असलेल्या इकबालने देवपुजारी सरांच्या हाताखाली एक भट्टी बांधली होती. तिच्यात पऱ्हाट्या अर्धवट जाळायच्या आणि निघणाऱ्या गॅसवर इंजिन चालवायचं. डिझेल फक्त ठिणगीपुरतं. ते वाढू नये म्हणून पंपाला स्क्रू आवळलेला. रामलाल शेठच्या जिनिंगमधले सरकी काढायचे रेचे आज असे संध्याकाळपर्यंत चालले, तर शेठ दर हंगामात कॉलेजच्या मुलांना इंजिनघर देणार होते. इथे किती डिझेल वाचलं, त्या आकड्यांवर दारव्हा-दिग्रसलाही भट्ट्या बांधायचं सरांच्या मनात होतं.

दुपारी गॅस मंदावला. रेचे रेंगाळले. इकबाल भट्टीकडे धावला, आणि तेवढ्यात इंजिनाने पुन्हा जोर धरला.

"वा!" सर म्हणाले.

पण आवाज जड होता. धुराड्यातून काळा धूर निघत होता. इकबाल आत आला. त्याचा मामा मन्सूर, शेठचा इंजिनवाला, फडक्याने पंप पुसत होता.

"मामू, स्क्रू कोनं ढिला केला?"

"कोन करन? हादऱ्यानं होते."

"मामू."

"हळू बोल ना लेका! शेठ खुश, तुहा सर खुश. तुलेच काहून चैन नाही?"

इकबाल बाहेर गेला. शेडला चक्कर मारून आला. पुन्हा गेला. दारव्ह्याच्या भट्टीपाशी मन्सूरमामू नसणार, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं. तो आत आला आणि त्याने स्क्रू घट्ट आवळला.

इंजिन दोनदा धापा टाकून थांबलं. पट्टे सैल पडले. रेच्यांवरच्या बायांनी वळून पाहिलं.

"काय झालं? जेवाले गेलं काय इंजिन?" शेठ म्हणाले.

"मघापासून ते डिझेलवर चाललं होतं, शेठजी," इकबाल म्हणाला. मामूकडे त्याने पाहिलं नाही. "गॅसवर नाही चाललं."

सरांनी चष्मा काढून पुसला.

भट्टी निवल्यावर जाळीतून काळे, काचेसारखे खडे निघाले. वितळलेली माती; तिनेच हवा अडवली होती. नागपुरात भट्टी चालवून पाहिली, तेव्हाच्या पऱ्हाट्या विळ्याने कापलेल्या होत्या. इथल्या मुळांसकट उपटलेल्या, ढेकळं धरून असलेल्या.

"रुपीबाई, मुळं काहून आनली?"

तांड्यावरून गाडी घेऊन आलेली रुपीबाई चिडली. "चांगल्या आन म्हनलं तुनं! चुलीत मुळंच टिकते. जाड मुळाच्याच निवडून आनल्या तुह्यासाठी. बारक्या घरी ठेवल्या."

सर हसले, पण लगेच शेठकडे पाहू लागले.

"उद्या एक दिवस," शेठ म्हणाले. "नाही चाललं, तर भट्टी उचलून न्या."

इकबालने कुऱ्हाड घेतली. थोड्या वेळाने मन्सूर दुसरी घेऊन शेजारी बसला. दोघं उद्यासाठी पऱ्हाट्यांची मुळं तोडत राहिले.

"इकडं फेका ती," रुपीबाई पदर पसरून म्हणाली. "मले लागतेत."