मोठ्या गाडीचे इंजेक्टर

इंजेक्टर बसवतानाच सेवा नावाच्या मेकॅनिकने बंडोपंतांना बजावलं होतं, "सायेब, तुमच्या गाडीच्या मापाचे भेटले न्हाईत. हे भंगारातल्या मोठ्या गाडीचे हेत. पेट्रोल ज्यादा फेकतात. पळताना तकलीफ न्हाई, पण हळू केली की गुदमरंल. ब्रेकरवर रेस सोडू नका."

बंडोपंतांना हुज्जत घालता येत नसे. शिवाय दर मंगळवारी आणि शुक्रवारी पत्नी ताराबाईंना डायलिसिससाठी बाळापूरहून नांदेडला न्यावंच लागे. त्यांनी मान डोलावली.

गाडी सेवाने सांगितल्याबरहुकूम वागली. प्रत्येक ब्रेकरवर आचके देई, काळा धूर सोडी आणि सावरे. वाटेवरच्या डोंगरकडा गावात मात्र एका निळ्या दारासमोर ती दोनदा बंद पडली. रेस देऊनही.

आज तिसऱ्यांदा पडली. मागच्या सीटवर ताराबाईंना धाप लागली होती, पाय सुजून टम्म झाले होते. अकराची वेळ चुकली तर मशीन दुसऱ्याला देणार होते.

"गाडीला माझीच हवा लागली," त्या कशाबशा हसल्या. "उतरा, कुणाला तरी हाक मारा. लाजू नका."

हाक मारायची वेळच आली नाही. निळं दार उघडून एक म्हातारी तांब्या आणि भाकरतुकडा घेऊन बाहेर आली. तिने बोनेटवरून तुकडा ओवाळून फेकला आणि पुढच्या चाकांवर पाणी घातलं. लांबून घरी आलेल्या माणसाच्या पायांवर घालतात तसं.

"लई दिस लावलेस रे," ती म्हणाली.

"आजी, ही आमची गाडी आहे."

"असंल की. पर आवाज माझ्या लेकाच्या, वैजनाथाच्या गाडीचा हाय. आठ म्हैने झाले त्याला जाऊन, गाडीबी भंगारात गेली. मागल्या शुक्रवारी आला, मंगळवारी आला. म्या दार उघडस्तोवर निघून गेला."

मागून ताराबाईंचा श्वास ऐकू येत होता.

"त्याला जाऊ द्या, आजी," बंडोपंत बोलून गेले. "हिला दवाखान्यात पोचवायचंय."

म्हातारीने काचेतून ताराबाईंकडे पाहिलं. मग बोनेटवर हात ठेवून वाकली.

"जाय बाबा. बाईला पोचव. मंग घरी ये."

बंडोपंतांचा हात चावीपर्यंत पोचण्याआधीच इंजिन सुरू झालं. नांदेडपर्यंत एकाही ब्रेकरवर आचका बसला नाही. अकराच्या ठोक्याला ताराबाई मशीनवर होत्या.

चार तासांनी बंडोपंत त्यांना धरून बाहेर आले. भर उन्हात गाडीचं इंजिन संथपणे चालू होतं. चावी त्यांच्या खिशात होती.

"चला की," ताराबाई म्हणाल्या.

त्यांनी ताराबाईंना मागे बसवलं. मग गाडीला वळसा घालून पुढचं डावीकडचं दार उघडलं आणि स्वतः ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसले.